एका सीटवर दोन तिकिटं

आमच्या मोठ्या काकूला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तिच्यातली कंडक्टर अजून ड्यूटीवर आहे. घरी पाहुणे आले की ती आधी डोकी मोजते आणि मग "या" म्हणते. दारात कुणी घुटमळलं की "पुढे सरका, दार मोकळं ठेवा" हे तिच्या तोंडून निघालंच म्हणून समजा. बसलेल्या माणसाला ती "जरा आत सरक, अजून एक जण मावेल" असं सांगते, मग खोलीत दुसरं कुणी असो वा नसो. सगळी नोकरी डुगडुगत्या बसमध्ये उभ्याने काढल्यामुळे सपाट फरशीवरसुद्धा ती पाय रोवून आणि एक हात कशाला तरी धरून उभी राहते. लहानपणी मला वाटायचं, आमचं घर कधीतरी अचानक वळण घेणार आहे आणि ते फक्त काकूला माहीत आहे.

तिच्या आवाजाबद्दल काय सांगावं! गल्लीच्या टोकाला लाँड्रीवाला राहतो. त्याला काही कळवायचं असेल तर काकू फोन करत नाही, खिडकी उघडते.

आणि प्रामाणिकपणा म्हणाल तर तो इतका, की शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचा त्रास व्हावा. "तिकीट म्हणजे तिकीट" हे तिचं ब्रह्मवाक्य. डेपो मॅनेजरच्या मेव्हण्याला तिने फुकट नेलं नाही, ड्रायव्हरच्या सासऱ्याला नेलं नाही. स्वतःच्या जावेलाही नेलं नाही, आणि तिथेच सगळं बिनसलं.

ती जाऊ म्हणजे माझी आई. नुकतंच लग्न होऊन घरात आलेली. एकदा बाजारातून परतताना नेमकी काकूचीच बस समोर येऊन थांबली. आई आनंदाने चढली आणि खिडकीपाशी बसली. घरचीच बस, असं तिला वाटलं. पर्स बाजारात रिकामी झालेली होती. काकू तिकिटं फाडत फाडत तिच्यापर्यंत आली आणि म्हणाली, "तिकीट?" आई हसली. काकू हसली नाही. "तिकीट?" आईला वाटलं, चेष्टा चाललीये. पुढच्या स्टॉपवर काकूने घंटीची दोरी ओढली आणि नव्या नवरीला दोन पिशव्यांसकट भर उन्हात खाली उतरवलं.

स्वतःच्या खिशातून तिकीट काढता आलं नसतं का, असं कुणीही विचारेल. मीही मोठी झाल्यावर विचारलं होतं. "ड्यूटीवर कंडक्टरने स्वतःचे पैसे जवळ ठेवायचे नसतात," काकू म्हणाली आणि विषय संपला. तिच्या बाजूने संपला. आई मात्र तेव्हा घरापर्यंत चालत आली, पिशव्या ओट्यावर ठेवल्या, आणि त्या दिवसापासून काकूशी एक शब्द बोलली नाही.

दोन डोळे शेजारी, भेट नाही संसारी, तशी आमच्या घराची गत. पुढची खोली काकूची, मागची आमची. दोन खोल्या, दोन शेगड्या, मीठ-साखरेचे वेगळे डबे. काका गेला, मग माझे बाबा गेले, दोघी विधवा झाल्या, पण अबोला काही विधवा झाला नाही. त्यांच्या मधली तार म्हणजे मी. "तुझ्या आईला सांग, नळ चालू राहिलाय." आई हातभर अंतरावर उभी असायची. "तुझ्या काकूला सांग, मला कान आहेत." मी दोन्ही निरोप इमानेइतबारे पोचवायची. दोघी एकमेकींना अगदी पाण्यात पाहायच्या म्हणा ना. मग एका दुपारी खरंच पाणी आलं.

नदी वरच्या डोंगरातून फुगून आली आणि आमच्या गल्लीत पाहुण्यासारखी नाही, मालकासारखी शिरली. पायऱ्या बुडाल्या, मग ओटे बुडाले. लोकांना न्यायला एक बस आली. ती बघताच काकू गुडघाभर पाण्यातून तरातरा गेली आणि कुणी न सांगता मागच्या दारात उभी राहिली. म्हातारे आधी, लेकुरवाळ्या मग, गाठोडी टपावर. खरा कंडक्टर बिचारा ड्रायव्हरशेजारी जाऊन गप्प बसला. आई मागे मागे राहत शेवटी पायरीपाशी आली आणि थबकली. पाणी वाढत होतं, मी मागून ढकलत होते, आणि ही बाई पायरीकडे नुसती बघतेय! काकूने हात पुढे केला.

"चढ गं धाकटे," ती म्हणाली. "आज तिकीट नाही."

माझ्या जन्मापासून मी ऐकलेलं त्या दोघींमधलं हे पहिलं थेट वाक्य. आईने तिच्याकडे बघितलं, हात धरला आणि चढली. मी मागे पाण्यात उभी, वेड्यासारखी हसत.

आमची सोय शाळेत झाली, चित्रकलेच्या वर्गात. घराचा नंबर एक म्हणून आम्ही तिघी एका कोपऱ्यात आणि आम्हाला शेगडीही एकच मिळाली. पहिल्या दिवशी दोघी फक्त मिठावर बोलल्या. दुसऱ्या दिवशी मिठावरून भांडल्या. त्यानंतर बटाटे, तांदूळ, लाँड्रीवाल्याचं घोरणं, असं करत करत गाडी इतकी पुढे गेली की संध्याकाळी मी कामावरून परत यायची तेव्हा दोघी भिंतीवरच्या मुलांच्या चित्रांखाली बसून चहा पीत खिदळत असायच्या. माझी निरोप पोचवायची नोकरी गेली. मला जराही वाईट वाटलं नाही.

माझी खरी नोकरी झेरॉक्सच्या दुकानात. त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरात ज्यांचे कागद वाहून गेले होते, त्यांना सरकारी मदतीसाठी त्याच वाहून गेलेल्या कागदांच्या प्रती हव्या होत्या. लोक रागावून माझ्या अंगावर यायचे, जणू नदी मीच सोडली होती. मी तरी काय करणार? नदीकडे जाऊन मूळ प्रत मागणार?

मग मदतीचा नियम कळला आणि आमचं हसणं आटलं. एका दाराला एक मदत. एका घराच्या नंबरावर घरबांधणीचा एकच हिस्सा मिळणार, आणि तो घर ज्याच्या नावावर त्याला. आमचं घर काकाच्या नावावर होतं, म्हणजे हिस्सा काकूला. आत दुसरं कुटुंब राहत असेल तर त्यालाही मिळेल, पण ते वेगळं आहे हे सिद्ध व्हायला हवं. कशावरून? तर चुलीवरून. चूल वेगळी तर कुटुंब वेगळं. आणि शाळेतल्या पाहणीत आमच्यापुढे लिहिलं गेलं होतं, "एकत्र कुटुंब, स्वयंपाक एका शेगडीवर."

म्हणजे पुराने पडलेल्या आमच्या दोन खोल्यांपैकी एकच पुन्हा उभी राहणार होती. माझ्या आईला काही मिळणार नव्हतं. मामाने फोन करून सांगूनही टाकलं, "ताई, तू इकडेच ये, आमच्याबरोबर राहा." मामा मनाने चांगला आहे. पण त्याच्या घरात आई म्हणजे कोपऱ्यातली खुर्ची. जेवायला वाढतील, औषध विचारतील, आणि कुठला दिवा लावू हे तिला प्रत्येक वेळी विचारावं लागेल. आईला जायचं नव्हतं. ती तोंडाने बोलली नाही, पण तिने एकाच साडीची पुन्हा पुन्हा घडी घातली तेव्हा मला कळलं.

"इतकी वर्षं दोन शेगड्या पेटवल्या," आई म्हणाली, "तेव्हा सरकार आलं नाही बघायला. चार दिवस एक पेटवली आणि लगेच पकडलं."

गल्लीत सगळ्यांचीच तऱ्हा. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण आता प्रत्येक घरात दोन-दोन हव्या होत्या. लाँड्रीवाला आणि त्याचा मुलगा, ज्यांनी आयुष्यात एका बशीशिवाय चहा प्यायला नाही, ते पाहणीचा कारकून दिसला की एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. एका घराला अजून छप्पर नव्हतं, भिंती नव्हत्या, पण मधली भिंत बांधून तयार होती! चांगल्या नांदत्या घरांत लोक खोटी भांडणं करायला लागले, आणि खोटी भांडणं फार लवकर खरी होतात. मला त्या नियमाचा मनस्वी संताप आला. भांडखोरांना दोन हिस्से आणि गुण्यागोविंदाने राहणाऱ्यांना एक, हा कुठला न्याय?

आम्हीही शेवटी तेच केलं. फेरपाहणीचा अर्ज दिला आणि ठरवलं की कारकून येईल तेव्हा भांडायचं. कल्पना आईची. काकू खोटं बोलायला तयार नव्हती. "भांडण हे काय खोटं?" आईने समजावलं. "आपण भांडलोच आहोत की. फक्त जुनं भांडण आज दाखवायचं." या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे हे काकूला दिसत होतं, पण आईचं तोंड बघून ती हो म्हणाली.

तालीम करून बघितली. आई म्हणायची, "तुमच्या शेगडीचा धूर माझ्या खोलीत येतो." यावर काकूने म्हणायचं, "येईल, माझी शेगडी आहे." काकू पुटपुटायची, "येतो का? मग मी खिडकी उघडते." आई डोक्याला हात लावायची आणि मग दोघी हसत सुटायच्या.

ठरलेल्या सकाळी कारकून आला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, काखेत छत्री, हातात फाइल. दमलेला, बिस्किटांवर जगणारा साधा माणूस. आम्ही घरातला चिखल उपसत होतो. दोन शेगड्या दोन पडक्या खोल्यांत मांडून ठेवल्या होत्या, घासून लख्ख. कारकुनाने दोन्ही बघितल्या, काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "आजी, तुमचं दोघींचं वेगळं आहे ना?"

"आजी कोणाला म्हणतोस?" काकू म्हणाली. हे तालमीत नव्हतं.

आईने सूत्रं हातात घेतली. "वेगळं नाही तर काय! यांच्या शेगडीचा धूर माझ्या खोलीत येतो."

काकू गप्प.

"यांच्या ओरडण्याने माझं डोकं उठतं."

कारकुनाचं पेन थांबलं. आणि मग, काही सुचेना म्हणून, आई म्हणाली, "आणि यांनी मला भर रस्त्यात बसमधून उतरवलं!"

एवढं म्हटलं आणि तिचा आवाजच बदलला. हातातलं फावडं खाली पडलं. "नवी नवरी होते मी. सगळी बस बघत होती. ऊन कसलं होतं! चपलेचा अंगठा तुटला, अनवाणी आले मी. आणि इतक्या वर्षांत एकदा, एकदा तरी म्हणालात का, की धाकटे, चुकलं माझं?"

"तिकीट नव्हतं तुझ्याकडे," काकू म्हणाली.

"माहितीये मला तिकीट नव्हतं!"

"ते चुकलं नाही." काकूने बाजूची चौकट घट्ट धरली. "घरी आल्यावर बोलले नाही, ते चुकलं. बस सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून बघत होते. तू पिशव्या खाली ठेवल्यास, पुन्हा उचलल्यास. दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. त्या फेरीत मी लोकांना चुकीची तिकिटं फाडून दिली. लांबच्याला जवळचं, जवळच्याला लांबचं. सगळ्या नोकरीत एकदाच. संध्याकाळी हिशेब लागेना म्हणून डेपोत बोलणी खाल्ली. आणि घरी आले तर तू पाठ फिरवून बसलेली. मग मीही फिरवली."

आई रडत होती. मी रडत होते. कारकून नाक पुसत होता. त्याने फाइल उघडली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, "विभक्त." वाचूनही दाखवलं. काम झालं होतं. मी मनात उडी मारली.

"खोडा ते," काकू म्हणाली.

"काय?"

"खोडा. आम्ही हे दाखवायला भांडत होतो. म्हणजे सुरुवात दाखवायला झाली. पण आम्ही वेगळ्या नाही राहत आता. एका शेगडीवर करतो, आज सकाळचा चहासुद्धा."

कारकुनाने तिला पुन्हा पुन्हा विचारलं, बाई, खोडलं तर एकच हिस्सा मिळेल, चालेल? खोटं लिहिलेलं चालणार नाही, काकू म्हणाली. त्याने निरुपायाने खोडलं. आईने पदराने तोंड पुसलं. चिडून ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती अगदी हळू बोलली.

"दुसऱ्यांदा उतरवलंत मला, जाऊबाई."

त्या दिवशी चित्रकलेच्या वर्गात कुणी हसलं नाही. आईने मामाला येते म्हणून कळवलं. काकू भिंतीकडे तोंड करून पडून होती आणि तिचा आवाज कुठे गेला ते कळत नव्हतं. मला तिचा राग आला होता, आणि तिने खोडायला लावलं याचा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम वाटणं फार अडचणीचं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठते तर काकू वेणीफणी करून, पाय रोवून, माझ्या उशाशी उभी. "ऊठ. मदत कचेरीत जायचंय. तू लिहिणार, मी सांगणार."

मदत कचेरी खेळाच्या हॉलमध्ये होती. आत शिरलो तर नुसता गोंधळ. लोक या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून पुन्हा पहिल्यावर. बायका, पोरं, म्हाताऱ्यांच्या काठ्या, सगळं दारातच तुंबलेलं. काकूने एक मिनिटभर बघितलं. मग तिचा हरवलेला आवाज सापडला.

"चला, पुढे सरका! मध्ये जागा रिकामी आहे, दारात उभं राहू नका! ओ टोपीवाले, तुमचं झालंय ना? मग उतरा! म्हणजे बाहेर पडा! आजोबा, तुम्ही बसा, हा कारकूनच तुमच्याकडे येईल. काय रे, येशील ना?"

कारकून दचकून उठला आणि खरंच गेला. बघता बघता हॉल सुतासारखा सरळ झाला. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मदत अधिकारी बाहेर आल्या. बारीक अंगाच्या, डोळ्यांखाली काळं, हातात गार झालेला चहा.

"कोण ओरडतंय?"

"मी," काकू म्हणाली. "आणि मला तुमच्याशी बोलायचंय."

मॅडमनी आम्हाला आत बसवलं. काकूने सगळं सांगितलं. खोटं भांडण, खोडलेला शब्द, आईचं मामाकडे जाणं. काही लपवलं नाही. मॅडमनी डोळे चोळले.

"तुमच्यासारखी किती घरं सांगू?" त्या म्हणाल्या. "रोज लोक येतात आणि शपथेवर सांगतात की आमचं पटत नाही. माझे निम्मे कारकून लोकांच्या शेगड्या बघत फिरतायत. मी वर दोनदा लिहिलंय की हा नियम बदला. ते म्हणतात, मग कुटुंब मोजायचं कसं, ते सांगा."

"त्यात काय सांगायचं?" काकू म्हणाली. "मी जन्मभर तेच केलं. माझ्या बसमध्ये एका सीटवर दोघं बसायचे. नवरा-बायको असायचे, नणंद-भावजय असायच्या. कधी भांडत, कधी एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले. मी कधी विचारलं नाही की बाबांनो, तुमचं पटतं का. सीट एक, माणसं दोन, तिकिटं दोन. घर म्हणजे सीट आहे, मॅडम. तुम्ही सीट मोजताय. माणसं मोजा."

मॅडम हसल्या. कितीतरी दिवसांनी हसत असाव्यात, कारण चहा सांडला. "आणि उद्या एका घरातून पाच भावांनी पाच अर्ज दिले तर?"

"पाच भाऊ, पाच संसार, पाच तिकिटं. एकच भाऊ पाचदा आला तर मला बोलवा. मी दारात उभी राहते."

"वर नुसता विचार चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांना उदाहरण लागतं. खरं, नावानिशी, सहीनिशी. आणि खरं बोलून नुकसान झालेलं कुणी पुढे येत नाही. तुम्ही द्याल लिहून?"

काकू सांगत गेली, मी लिहीत गेले. मध्ये मी एक वाक्य जरा सजवलं तर तिने ते खोडायला लावलं. मॅडमनी त्याच्यावर स्वतःचं टिपण जोडलं आणि पाठवून दिलं. तेव्हापासून काकू गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटली, "मी सरकारचं उदाहरण आहे." लाँड्रीवाल्याला वाटलं, हिला नोकरी लागली.

सरकारी काम, सहा महिने थांब, अशी आमची समजूत. आईची बॅग तर भरून झालीच होती. पण मॅडम गप्प बसणाऱ्या नव्हत्या, रोज वर फोन करत होत्या. आई काही ना काही कारण काढून निघणं लांबवत होती आणि मी तिला कारणं पुरवत होते. आणि एका सकाळी छत्रीवाला कारकून आमच्या पडक्या घराशी धावत आला. धावताना छत्री पडली ती त्याने उचललीही नाही.

"आलं! आलं! आजी— नाही, बाई— आलं!"

नवा आदेश असा होता की घराचा नंबर एक असला तरी त्यातला प्रत्येक संसार वेगळा धरायचा, चूल एक असो की दोन. एकटी बाई असेल तर तिच्या स्वतःच्या नावाने. कागद वाहून गेले असतील तर शेजारच्या दोघांची साक्ष पुरे. आणि पाहणीवाल्याने कुणाच्या स्वयंपाकघरात जायचं नाही. शेवटच्या कलमावर कारकून सगळ्यात खूश होता. "बायको म्हणायची, घरी आलास की आधी शेगडीकडे बघतोस. सुटलो बुवा!" लाँड्रीवाल्याने तिथल्या तिथे मुलाला मिठी मारली. मधली भिंत बांधून बसलेला ती पाडायला लागला, तेव्हा गवंड्यानेच त्याला थांबवलं, की आता छपराला ती उपयोगी पडेल.

आईचा हिस्सा आईच्या नावाने मंजूर झाला. तिने तो कागद कितीदा वाचला ते मी मोजलं नाही. आयुष्यात तिच्या एकटीच्या नावाने आलेलं काहीही तिने त्याआधी पाहिलं नव्हतं.

आणि मग मामाचा पुन्हा फोन आला. त्याचा सूर आता वेगळा होता. "ताई, आता तुझं तुला मिळालंय, तर इथेच माझ्या गच्चीवर खोली काढ ना. स्वतंत्र जिना, स्वतंत्र सगळं. नदी नाही, चिखल नाही." खरं सांगायचं तर बोलणं वावगं नव्हतं. जी आई जागा नाही म्हणून जाणार होती, ती आता हातात पैसे घेऊन, मानाने जाऊ शकत होती. आई "बघते" म्हणाली. हे "बघते" मला परकं वाटलं.

मी काकूला म्हटलं, "तू एकदा बोल ना तिच्याशी. थांब म्हण."

"नाही म्हणणार." काकू विटा रचत होती. "तिकीट तिचं आहे. कुठे उतरायचं ते कंडक्टरने सांगायचं नसतं." पण तिने ती वीट रचली, काढली, पुन्हा तिथेच रचली.

काही दिवस असेच गेले. दोघी एकत्र जेवायच्या, हसायच्या, आणि त्या एका गोष्टीबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. काकूच्या खोलीच्या भिंती वर आल्या. तिच्या मागे आमचा नुसता खड्डा होता. गवंडी येता-जाता त्याच्याकडे बघायचा आणि विचारायचा, "इथे काय करायचं?" काकू म्हणायची, "मालकीणबाईंना विचारा." आई म्हणायची, "बघते."

एका सकाळी आई माझ्याआधीच उठून तिकडे गेली होती. मी चहाची किटली घेऊन पोचते तर खड्ड्याच्या कडेने पांढरी दोरी ताणलेली, आणि आमच्या बाजूची भिंत वितभर वर आलेली. गवंडी ओळंबा धरून उभा होता. काकू तिच्या खोलीत पाठमोरी, पुतळ्यासारखी. एवढ्यात आईचा फोन वाजला. मामाच.

"अरे, येईन ना," आई म्हणाली. "राहायलाच येईन, चांगली चार दिवस. … नाही रे, आत्ता कशी येऊ? माझ्या घराचं काम चाललंय."

तिने हे अगदी सहज म्हटलं, दुधाचा भाव सांगावा तसं. तिला स्वतःलाही कळलं नसेल की "माझं घर" हे शब्द तिने जन्मात पहिल्यांदा उच्चारले. माहेरचं घर आजोबांचं होतं, सासरचं काकाचं. मला हुंदका आला आणि किटली कलंडली. काकूने मात्र सगळा राग गवंड्यावर काढला. "काय बघत उभे राहिलात? चला, हात चालवा!" असं ओरडली. मग ती चिखलाच्या हातांनीच डोळे पुसायला लागली आणि तोंड आणखी माखून घेतलं.

आईने फोन ठेवला. काकूकडे बघितलं. आपल्या पदराने तिचं तोंड पुसलं.

"पुढच्या आठवड्यात भावाकडे जाऊन येते," ती म्हणाली. "मी नसताना माझ्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. विसरायचं नाही, नाहीतर सिमेंट तडकेल."

काकूला हुकूम सोडण्याची हिंमत आजवर डेपो मॅनेजरनेही केली नव्हती.

"बरं," काकू म्हणाली.

आई गेली ते चार दिवस काकू उजाडताच बादली घेऊन निघायची. आधी आईच्या भिंतीवर पाणी मारायची, आणि उरलं तर स्वतःच्या.